लाल पट्टीचा पोरगा

वजन मर्यादेबाहेर गेलं म्हणून हेल्मेटवर लाल पट्टी लागलेल्या मुलानं चेंडू घेऊन पळायचं नाही, हा आमच्या पोरांच्या अमेरिकन फुटबॉल लीगचा नियम. जड पोरगा वेगात अंगावर आला तर बारकी पोरं चिरडतात.

दहा वर्षांच्या डेक्स्टरच्या हेल्मेटवर ती पट्टी होती. गुरुवारी सराव संपल्यावर शेवटचं वजन व्हायचं होतं. "आज पट्टी निघाली नाही, तर याचं फुटबॉल बंद," असं त्याच्या बापानं, रँडलनं, मला बजावलं होतं. मी शाळेतला निवृत्त ग्रंथपाल. मुख्य कोचची कारखान्यात दुसरी पाळी, म्हणून सराव माझ्या गळ्यात. रँडल जाळीच्या कुंपणाला टेकून उभा असला की माझा आवाज बसायचा.

मी उजवीकडून पळायची चाल शिकवत होतो. चेंडू हलला की रांगेतल्या डेक्स्टरनं समोर न जाता मागे वळायचं, उजवीकडे धावायचं आणि आड येईल त्याला उडवायचं. चेंडू घेतलेला कीगन त्याच्या पाठोपाठ.

"गवत कापायचं मशीन सुरू करायला दोरी ओढतात ना, तसं कोपर मागे खेच. अंग आपोआप वळतं."

"कोच, आमचं मशीन बॅटरीवर चालतं!" कीगन म्हणाला. पोरं खिदळली.

डेक्स्टरला मात्र लगेच जमलं. त्यानं अशी वाट साफ केली की कीगनला कुणाचा हातही लागला नाही. पुढच्या खेपेला तो वळला आणि तसाच गुडघ्यांवर बसला. ओठ पांढरे.

"काय खाल्लंयस?"

"काल दुपारी..." त्यानं कुंपणाकडे पाहिलं. "पाणीपण नको म्हणालेत डॅड. वजनात भरतं."

"ए मास्तर, उठव त्याला! घाम गाळू दे!" रँडल ओरडला.

बाप त्याचा. मी कोण? पण खिशात सँडविच होतं. "सगळे गोल करा," मी म्हणालो. चाल सांगायला पोरं खांद्याला खांदा लावून कडं करतात, तेव्हा आतलं बाहेरच्याला दिसत नाही.

"खाल्लं तर पट्टी राहील," डेक्स्टर पुटपुटला. "मग मला येऊ देणार नाहीत."

"हो," मी म्हणालो. खोटं बोलायला सुचलं नाही.

"खा रे, नाहीतर मी खातो," कीगन म्हणाला.

डेक्स्टरनं खाल्लं, तो घटाघट पाणी प्यायला. तोवर आम्ही तीच चाल मोठमोठ्यानं घोकत राहिलो.

वजन करणाऱ्या बाईंनी काटा बघून नकारार्थी मान हलवली. पट्टी राहिली.

"कुणी खायला घातलं?" रँडलनं विचारलं.

"मी." त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो, "मी."

"मग पोस तूच!" त्यानं मुलाच्या हातातलं हेल्मेट हिसकावून माझ्या हातात कोंबलं आणि त्याला दंडाला धरून ट्रककडे नेलं. डेक्स्टरनं दंड सोडवायचा प्रयत्न केला नाही.

ट्रक गेला. पोरं माझ्याभोवती गोळा झाली.

"कोच," कीगननं विचारलं, "शनिवारच्या मॅचला माझ्यापुढे कोण पळणार?"

मी एकेका चेहऱ्याकडे पाहत राहिलो. लाल पट्टीचं हेल्मेट अजून हातातच होतं.