लाल रेषेबाहेरचे घर

संध्याकाळी भोंगा वाजला की धरणाचे दरवाजे उघडणार होते. नदीकाठी वाटलेल्या सूचनेत वस्तीचा नकाशा होता आणि त्यावर पाण्याची हद्द सांगणारी लाल रेषा. रेषेच्या आतल्यांनी घर सोडायचे, बाहेरच्यांनी निश्चिंत राहायचे. इतक्या सोप्या गोष्टीत सूचना काढणाऱ्या कार्यालयाने हात घातला नसता तरच नवल.

साहेबांना माथ्यावर बोधचिन्ह ठळक हवे होते, म्हणून पानाचा वरचा समास वाढवला गेला. नकाशा पार्श्वचित्र म्हणून टाकलेला; पीडीएफ बनताना तो उरलेल्या जागेत आपोआप आकसला. रेषा पानाच्या कडेपासून मोजून आखलेली. ती जागची हलली नाही. पडद्यावर मात्र सारे जुळत होते आणि मंजुरी पडद्यावरच मिळे. तयार झालेली पीडीएफ उघडून पाहणे हे कनिष्ठांचे काम मानले जाई. कनिष्ठांना तसे कुणी सांगितलेले नव्हते.

सूचनांचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या बाईने ती पीडीएफ दुपारी उघडली, तीही धाकट्या भावाचे घर शोधायला. घर रेषेबाहेर होते. मूळ मोजणीत ते पुरते आत होते.

दुरुस्ती क्षुल्लक होती. तिने नकाशा आणि रेषा एकाच चित्रात बसवली. आता आकसलीच तर दोन्ही बरोबर आकसणार होती. साहेब बैठकीत होते. भाऊ फोन उचलत नव्हता. दिवस कलल्यावर साहेबांनी नवी प्रत न्याहाळली, बोधचिन्ह शाबूत असल्याची खात्री केली आणि समजावले की, एका दिवसात दोन नकाशे निघाले तर लोक गोंधळतील. लोकांना गोंधळापासून वाचवण्याचा त्यांचा निर्धार पक्का होता. पाणी त्यांच्या खात्यात येत नव्हते.

अखेर भावाने फोन उचलला.

"घर सोड. वहिनीला आणि पोरांना घेऊन टेकडीवर जा. नकाशा चुकलाय."

"ताई, कागद तुझ्याच ऑफिसचा आहे. साहेबांची सही आहे, शिक्का आहे. लहानपणीही अशीच भुताची भीती घालायचीस."

"मी मोजून पाहिलंय रे."

त्याच्यामागे खुर्च्या सरकत होत्या, कुणी म्हातारे खोकत होते. एवढी माणसे कुठून आली, असे तिने विचारले.

"रेषेच्या आतली सगळी आळी आमच्याकडेच आलीय. म्हातारी माणसं टेकडी कशी चढणार? तुझ्या वहिनीने चहा टाकलाय सगळ्यांना. थांब, बाहेर भोंगा वाजतोय, काही ऐकू येत नाही. दार लावून घेतो."