दुपारी दोन ते चार

"अण्णा, शेवटचं विचारते. मोठी की धाकटी?"

लेकीच्या एका हातात अण्णांनी आखलेला कागद होता. दुसऱ्या हातातल्या पेनचं टोपण ती दातांनी काढत होती, पुन्हा बसवत होती. टेबलावर दोन पांढऱ्या पेट्या शेजारीशेजारी लुकलुकत होत्या. एक मोठ्या कंपनीच्या इंटरनेटची, दुसरी कोपऱ्यावरच्या केबलवाल्याची. पहिल्याच दिवशी घरात त्यांची नावं मोठी आणि धाकटी पडली होती. पंधरा दिवस दोन्ही आजमावून बघायच्या आणि एक ठेवायची, असं ठरलं होतं.

"धाकटी," अण्णा म्हणाले.

"मोठीचा वेग दोनशे आहे. धाकटीचा चाळीस."

"नुसतं रूप बघून सोयरीक जुळवणार का तू? मोठी पळते जोरात, पण मधेच बसकण मारते. तुला बोलायचंय बाळ, सिनेमे नाही उतरवायचे. बोलायला चाळीस म्हणजे डोक्यावरून पाणी."

"आणि धाकटी एकदाही तुटली नाही? पंधरा दिवसांत?"

"बघ ना कागदावर."

कागदावर सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत, दर तासाला एक नोंद होती. मोठीच्या रकान्यात लाल फुल्या जागोजागी पसरल्या होत्या. धाकटीचा रकाना स्वच्छ होता. अण्णांनी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून काढली होती. मोजमाप घ्यायचं ते गिऱ्हाइकाच्या कानाशी, एक्स्चेंजच्या दारात नव्हे, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. म्हणून पंधरा दिवस ते लेकीच्याच खुर्चीत बसून, तिच्या टेबलापर्यंत येणारी वायर जोडून वेग तपासत होते. हात थरथरायचा, त्यामुळे एक आकडा लिहायला मिनिट लागायचं.

लेक तातडीच्या मदतीच्या केंद्रात फोन घ्यायची. कुणाच्या घरात धूर भरलेला, कुणाची आई न्हाणीघरात पडलेली, कुणाचं मूल निळं पडत चाललेलं. असे फोन ती घ्यायची. केंद्र दुसऱ्या शहरात, रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर होतं. ते पंधरा दिवस ती तिथेच कामावर होती, परीक्षेपुरती रजा घेऊन घरी आली होती. आता केंद्राने घरून काम करायची मुभा दिली होती, पण घरची लाइन आधी परीक्षेत उतरायला हवी होती. दुपारी बारा ते चार केंद्रातून खोटे फोन यायचे आणि ती खऱ्यासारखे घ्यायची. त्या चार तासांत लाइन सलग पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ तुटली, की नापास. पुढची संधी सहा महिन्यांनी. केंद्राचं म्हणणं वावगं नव्हतं. बुडत्या माणसाला 'आवाज तुटतोय, पुन्हा बोला' असं कसं सांगणार?

लेक नापास झाली तर एक तारखेला परत कामावर. आणि अण्णा वृद्धांच्या निवासात. दादाने तिथला अर्ज भरून ठेवला होता, फक्त तारीख घालायची बाकी होती. मागच्या महिन्यात दोघं भावंडं अण्णांना ती जागा दाखवायला घेऊन गेली होती. एका दालनात सोळा खाटा, प्रत्येकीच्या उशाशी एक कपाट, कपाटाला कडी पण कुलूप नाही. बाहेर आल्यावर "स्वच्छ आहे," एवढंच म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

"बरं," लेक म्हणाली. तिने मोबाइलवर केंद्राच्या अर्जात धाकटीचा क्रमांक टाकला, क्षणभर बोट अधांतरी धरलं आणि बटण दाबलं. "झालं. आता बदलता येत नाही."

अण्णांनी तोंड उघडलं.

"काय अण्णा?"

"काही नाही. पाणी जवळ घेऊन बस. चार तास उठता यायचं नाही."



धाकटीच्या रकान्यातले दुपारी दोनचे आणि तीनचे आकडे खोटे होते. पंधराच्या पंधरा दिवसांचे.

दीड वाजता त्यांना हाताच्या थरथरीची गोळी घ्यावी लागे. गोळी घेतली, की थरथर निवायची, पण दोनच्या आत डोळे मिटायचे ते चारच्या ठोक्यालाच उघडायचे. पहिल्या दिवशी जाग आली तेव्हा कागदावरची दोन घरं रिकामी होती. अण्णांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. नोकरीत असताना मनाने आकडे भरणाऱ्या एका सोबत्याशी त्यांनी वर्षभर अबोला धरला होता. पण घरं रिकामी ठेवावीत, तर लेक विचारणार, दुपारी काय करत होतात? रोज फोनवर ते तिला सांगत, "मी दुपारी आडवासुद्धा होत नाही." एकटा माणूस दोन तास बेशुद्धासारखा पडून असतो, हे कळलं असतं तर निवासाच्या अर्जावर तारीख पडायला कितीसा वेळ लागला असता? त्यांनी एकचा आकडा पाहिला, चारचा पाहिला आणि मधले दोन मनाने लिहिले. मोठीच्या रकान्यातही लिहिले. दुसऱ्या दिवशी हात कमी अडखळला. तिसऱ्या दिवसापासून सवयच झाली.

आता परीक्षा बारा ते चार होती.

बारा वाजता लेकीने कानांवर यंत्र चढवलं आणि आतलं दार लावून घेतलं. अण्णा बाहेरच्या खोलीत बसले. दाराच्या फटीतून तिचा कामाचा आवाज येत होता. त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. शांत, सपाट, घाई नसलेला. "मी इथेच आहे. तुम्ही पत्ता सांगा. दार उघडं आहे का?" खोटे फोन होते, तरी त्यांना वाटलं, आपण पडलो तर असाच आवाज कानावर यावा.

दीड वाजला. लेकीने बशीत काढून ठेवलेली गोळी अण्णांनी उचलली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

दोनच्या सुमारास उजवा हात थरथरू लागला. सव्वादोनला डावा. मग बोटं आखडू लागली. गोळी चुकली की असंच व्हायचं. आधी कंप आणि मग ताठरपणा, जणू हात दुसऱ्या कुणाचा आहे. पण डोळे टक्क उघडे होते. धाकटीची वायर बाहेरच्या खोलीतूनच आत गेली होती. वाटेत तिची एक छोटी पेटी होती, तिच्यावरच्या हिरव्या दिव्यावर त्यांनी नजर खिळवली.

अडीच वाजता भिंतीत घरघर सुरू झाली. अण्णांनी मान वळवली. हा कसला आवाज? मग उमगलं, पाणी वर चढवणारा पंप. तो साडेचारला बंद होताना ते रोज ऐकत, पण अडीचलाच सुरू होतो, हे त्यांना इतकी वर्षं माहीत नव्हतं, कारण या वेळी ते कधी जागेच नसत.

दिवा विझला.

"हॅलो? मी इथेच आहे, हॅलो?" आतून लेकीचा आवाज आला. सपाटपणाला बारीकसा तडा गेलेला.

एक. दोन. दिवा लागला. "हो, ऐकू येतंय. बोला," लेक म्हणाली.

ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. लाइनमनला दोष शोधायची एकच रीत ठाऊक असते, तार धरायची आणि चालत राहायचं. वायर चौकटीच्या वरून बाहेर गेली होती. जिन्याच्या भिंतीने खाली उतरत होती. अण्णा कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. अर्ध्या जिन्यावर केबलवाल्याची पत्र्याची पेटी खांद्याइतक्या उंचीवर लटकत होती, पाण्याच्या पाइपला अगदी खेटून. पंपामुळे पाइप हादरत होता, पाइपामुळे पेटी. आत त्यांच्या घरच्या वायरचं टोक खोबणीत बसवलेलं होतं, पण त्याची प्लास्टिकची जीभ तुटलेली. प्रत्येक हादऱ्याबरोबर ते टोक केसभर बाहेर सरकत होतं.

अण्णांनी अंगठा टेकवला आणि आत दाबला. पेटीतला दिवा स्थिर झाला.

हात काढून बघावा का? नको. चिकटपट्टी घरात होती, पण जाऊन येईपर्यंत टोक पुन्हा सुटलं तर? दोन सेकंद एकदा झाले होते. पुढच्या वेळी सहा झाले, तर सगळंच संपलं. त्यांनी चार बोटं पेटीच्या पत्र्यामागे अडकवली, अंगठा टोकावर रोवला आणि खांदा भिंतीला लावला. हात ताठत चालला होता. ताठू दे. आज पहिल्यांदा त्याचा काही उपयोग होता.

खालून चपलांचा आवाज आला. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई कपड्यांचं गाठोडं घेऊन वर येत होत्या.

"अगं बाई! अण्णा, हे काय? विजेच्या पेटीत हात?"

"वीज नाही ही. हळू बोला. वर लेकीची परीक्षा चालू आहे."

"आणि तुम्ही भिंतीला का चिकटलात पालीसारखे?"

"वायर सुटतेय. पंपाने."

"मग पंप बंद करायला सांगू का?"

"किल्ली सचिवांकडे. ते कामावर. साडेचारला आपोआप बंद होतो ना?"

"हो, साडेचारलाच." बाईंनी गाठोडं पायरीवर ठेवलं. "मी धरते. तुम्ही बसा जरा."

"नको. हात बदलताना सुटलं तर पंचाईत. मीच धरतो."

"घामाने थबथबलात की. अहो, या वेळेला तुम्ही मेल्यासारखे झोपता! पंधरा दिवस मी रोज दार लोटून बघून जातेय, श्वास चाललाय ना म्हणून."

अण्णांनी सावकाश मान वळवली. "तुम्ही रोज येत होतात?"

"लेकीनेच सांगितलं होतं, दुपारी डोकावत जा म्हणून. रोज फोन करून विचारायची, कसे आहेत? मी म्हणायची, झक्क घोरतायत."

पंप घरघरत होता. अंगठ्याखाली ते इवलंसं टोक उंदरासारखं धडपडत होतं. रोज फोन. म्हणजे लेकीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तरी आज सकाळी तिने तो कागद हातात धरून विचारलं होतं, मोठी की धाकटी.

तीन वाजले. बाईंनी पदराने त्यांचं कपाळ टिपलं, एकदा पाणी पाजलं, मग दुसऱ्या बाजूने त्यांच्या कमरेला हात देऊन उभ्या राहिल्या. "माझ्या सासऱ्यांचा हट्टही असाच," त्या पुटपुटल्या. "पण त्यांनी निदान असली कवायत नाही केली." अण्णांना हसू आलं, पण हसल्याने हात हलला असता.

सव्वातीनला उजव्या अंगठ्यातली जाणीव गेली. दाबतोय की नुसता टेकलाय, कळेना. दिवा एकदा थरथरला. अण्णांनी डावा हात वर आणला. तो खांद्याच्या वर येईना. बाईंनी कोपराखाली तळवा लावून उचलला. त्यांनी डावा अंगठा उजव्याच्या बाजूने सरकवला, उजवा काढला, आणि दिवा विझला. एक. अंगठा खोबणीच्या कडेवर घसरला. दोन. "देवा," बाई म्हणाल्या. तीन. अण्णांनी सगळा देहच भिंतीवर लोटला. चार.

दिवा लागला.

वरून काही ऐकू येत नव्हतं. इतक्या खाली तिचा आवाज पोचतच नव्हता. आत काय झालं असेल, हे कळायचा त्यांच्याकडे कोणताच मार्ग नव्हता. ते धरून राहिले.

चार वाजून पाच मिनिटांनी वरचं दार उघडलं. "अण्णा? अण्णा!" लेक धावत खाली आली आणि अर्ध्या जिन्यावर थबकली. शिंपीणबाई बाजूला सरकल्या, गाठोडं उचलून मुकाट्याने वर गेल्या.

"काय करताय हे?"

"निकाल?"

"येईल. मोबाइलवर येतो. आधी तुम्ही..."

"ऐक," अण्णा म्हणाले. त्यांची जीभही जड झाली होती. "कागदावरचे दुपारचे दोन-दोन आकडे मी मनाने भरलेत. मी झोपत होतो."

लेकीने कठडा धरला. मग एक पायरी खाली उतरली.

"माहीत होतं."

"आणि तरी धाकटी घेतलीस?"

"बाकीचे एकशे पासष्ट तर खरे होते ना?"

अण्णांनी मान खाली घातली. आपण ते मोजून ठेवले होते, हे बोलून गेल्याचं तिलाही उशिराच कळलं असावं, कारण तिने घाईघाईने मोबाइल काढला आणि त्यात डोकं घातलं. तेवढ्यात तो वाजला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

"पास," ती म्हणाली. आवाज तोच होता, शांत आणि सपाट. "लाइन दोनदा तुटली म्हणतात. एकदा दोन सेकंद. एकदा चार. तीन वाजून अठरा मिनिटांनी."

"तेव्हा हात बदलला," अण्णा म्हणाले.

तिने त्यांचा सदरा पाहिला, पाठीला चिकटलेला. पाय पाहिले, एक चप्पल कुठेतरी वरच राहिलेली.

"सोडा आता अण्णा. संपलं. काही तुटलं तरी चालेल."

"पंप चालू आहे अजून."

"असू दे ना."

"तू धर आधी."

ती जवळ आली. त्यांच्या ताठलेल्या अंगठ्याला लगटून तिने आपला अंगठा ठेवला आणि दाबला. पेटीचा पत्रा हादरत होता, त्याची बारीक थरथर तिच्या खांद्यापर्यंत आली. अण्णांनी दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"घट्ट?"

"घट्ट."

मग त्यांनी हात काढला.