आळस दिला, केला नाही

छापखान्यातल्या प्रूफवाल्या बाईंनी नोटीस वाचली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘कामाच्या वेळेत आळस करता, सबब पहिल्या तारखेपासून कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा करावा.’ एकवीस वर्षांत त्यांनी एक वेलांटी निसटू दिली नव्हती. आणि म्हणे आळस.

घोळ कुठे झाला तेही त्यांना कळलं. मज्जातंतूंचं दुखणं सहा वर्षं मागे लागलं होतं. दुपार झाली की हातपाय शिशाचे होत, अक्षरं एकमेकांवर चढत. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी उपाय सांगितला होता: चटई टाकायची, पाय भिंतीला टेकवायचे, हात डोक्यामागे सावकाश ताणायचे, श्वास सोडत मान वळवायची. दमायच्या आधी थांबायचं. कागदाच्या खोलीत पंधरा मिनिटं एवढं केलं की संध्याकाळपर्यंत निभत असे. हजेरी लिहिणाऱ्याने विचारलं तेव्हा त्या सरळ म्हणाल्या होत्या, "जरा आळस देऊन येते." त्या शहाण्याने वहीत लिहिलं, ‘आळस करते.’

घरी नणंदेने जखमेवर मीठ चोळलं. "वहिनी, थकतो तर आम्हीही. आम्ही नाही कुठे आडवे होत."

रागवायलाही अंगात बळ लागतं आणि ते बाईंना उद्यासाठी राखायचं होतं.

सकाळी त्यांनी नोटीस साहेबांपुढे ठेवली. लाल शाईने दुरुस्त केलेली.

"हे काय?"

"खालच्या ओळीत ‘बेजबाबदार’ चुकलंय. ‘शिस्त’ला थ लावलाय. आणि ‘करता’ खोडून ‘देता’ केलंय."

"बाई, शब्दात पकडू नका. थकवा सगळ्यांनाच येतो. मीही मघापासून बसूनच आहे." बोलता बोलता साहेबांनी दोन्ही हात वर नेऊन अंग असं ताणलं की खुर्ची करकरली.

"आता काय केलंत, साहेब?"

"काय केलं? आळस दिला."

"दिलात ना? मग स्वतःलाही नोटीस काढा. तुमचा थकवा तेवढ्याने गेला. माझा जात नाही. पंधरा मिनिटं देऊन मी त्याच्याकडून पाच तास मागून घेते, आणि ते पाच तास तुमच्या छापखान्याला देते. तुम्ही त्याला आळस म्हणता."

साहेब लाल खुणांकडे बघत राहिले. "ठेवा इथे," एवढंच म्हणाले.

"ठेवते. पुन्हा छापलीत तर आधी तपासायला पाठवा. एक ते सव्वा सोडून."

एक वाजता बाईंनी कागदाच्या खोलीत चटई टाकली, पाय भिंतीला लावले. रोज त्या दार लोटून घेत. आज उघडंच ठेवलं.