सोळावी पट्टी

सेरवाने मागाच्या दोराची चकती नवऱ्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात सरकवली, वरून चिंधी गुंडाळली आणि गाठ मारली.

"घट्ट झाली का?"

"मला काय विचारतेस? पायाला विचार," दापा म्हणाला.

तिने आणखी एक गाठ मारली.

शेजारच्या मागावर आंट्वी धोटा हातात धरून बघत राहिला होता. "वहिनी, बाईमाणसाने मागाला हात लावायचा नसतो. आमचे म्हातारे थडग्यातून उठून येतील हं."

"येऊ देत. त्यांना सांगा, ज्या कारणासाठी लावायचा नव्हता ते कारण माझं केव्हाच सरलं."

विणकरांची अख्खी शेड हसली. दापाही हसला, पण कमरेतून निघालेली कळ मांडीवरून टाचेपर्यंत गेली आणि त्याचं हसू अर्ध्यावर मोडलं.

बत्तीस वर्षं सेरवा त्याचं जेवण शेडच्या कडेला, दगडांच्या ओळीबाहेर ठेवून परत जात आली होती. आता ती आत, त्याच्या पायापाशी बुटक्या स्टुलावर बसली होती. पायाची राखण करायला.

पाठीचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते. कुमासी शहरातल्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून दाखवला होता. हाडं सांधली, स्क्रू जागच्या जागी आहेत. मग आवाज खाली आणून ते म्हणाले होते, नस फार दिवस दबलेली होती. दुखणं राहील, बधिरपणाही राहील, त्यांच्यासकट जगायला शिकावं लागेल. "म्हणजे स्क्रू सुखात आहेत," बाहेर आल्यावर दापा म्हणाला होता, "मीच तेवढा नाही."

मागावर सोळावी, शेवटची पट्टी होती. लेकीच्या, पोकुआच्या लग्नाच्या वस्त्रातल्या पंधरा पट्ट्या त्याने आजारपणाआधी विणून ठेवल्या होत्या. लग्न नऊ दिवसांवर आलं होतं. आंट्वी दोनदा येऊन म्हणाला होता, आण इकडे, मी विणून टाकतो. पण फणीचा ठोका ज्याचा त्याचा असतो. दुसऱ्या हाताची पट्टी बोटभर लांब भरते, आणि शेजारी शिवली की चौकड्या सरकतात. लेकीच्या अंगावर ते सगळ्या गावाला दिसलं असतं.

दापाच्या हातांचं काही बिघडलं नव्हतं. पण विणकराचा अर्धा माग पायात असतो. उजवा दोर ओढला की उभ्या धाग्यांची एक फळी वर, डावा ओढला की दुसरी. डाव्या पायातून चकती निसटली तरी त्याला कळत नसे. तो रिकामाच पाय ओढत राही. म्हणून सेरवा बघत बसे आणि म्हणे, "सुटला." तो थांबे. ती बांधी.

एका वेळी बसायचं ते वीसच मिनिटं; तेवढ्याने मोबाइलचा गजर वाजे. मग आंट्वी त्याला काखेत धरून मागातून बाहेर काढी. दापा कमरेचा पट्टा आवळून आंब्यापर्यंत जाई, परत येई, आणि पोटऱ्या बाकावर टेकवून चटईवर उताणा पडे. सेरवा पाठीला आलं घातलेलं शियाच्या बियांचं लोणी चोळी. गोळी सकाळी एक, रात्री एक. मधल्या वेळेला दात होते, ते तो आवळून धरी.

"दापा, आंब्याला विचारून ये रे, यंदा कैऱ्या का नाहीत ते," आंट्वी ओरडे.

"तो म्हणतो, आंट्वीचं तोंड दिसतं ना रोज."

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी, उन्हं शेडच्या खांबापाशी आली असताना, दापा गुणगुणू लागला. शब्द नव्हते. ठोक्यावर ठोका पडत होता आणि त्याच्या बापाच्या वेळचा तो सूर नाकातून येत होता. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या कपाळावर आठी नव्हती.

मोबाइल वाजला. दापाने खाली बघितलं. त्याचे हात थांबले.

चार बोटं कापडात डाव्या फळीचा धागाच उठला नव्हता. पिवळ्या चौकडीच्या मधोमध नुसताच सपाट पट्टा होता. चकती जमिनीवर पडली होती, चिंधीसकट.

"तू बघत होतीस ना?"

"होते."

"मग?"

सेरवाने चकतीची धूळ पदराला पुसली. "तोंडाकडे बघत होते तुमच्या."

तेवढं उसवून पुन्हा विणायचं म्हणजे आणखी दोन दिवस बसणं आलं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"काखेखाली येईल अशी शीव," शेवटी तो म्हणाला. "तिथे कुणी बघत नाही."

सातव्या दिवशी पट्टी पुरी झाली. आंट्वी स्वतःच्या मागावरून उठून आला. दापाच्या घराण्यात माग धाग्यांवाचून कधी उघडा पडला नव्हता. कापड उतरवताना वीतभर धागे मागाच्या जाळीत तसेच सोडायचे आणि पुढच्या कापडाच्या ताण्याची टोकं त्यांनाच बांधायची, अशी रीत. बापाने त्याला माग दिला तोही असाच, धाग्यांसकट.

दापाने कात्री घेतली. पट्टी कापली. मग जाळीतले धागे चिमटीत धरून एकेक बाहेर ओढले, शेवटचा निघून माग उघडा होईपर्यंत.

आंट्वीने मोबाइल वाजला नसतानाच त्याच्या काखेत हात घातला.

"थांब रे," दापा म्हणाला. "सेरवा, आधी पायाचा दोर सोड."

दोर तिने केव्हाच सोडला होता. चिंधी तिच्या मुठीत होती.

ती पुन्हा खाली वाकली, त्याचा अंगठा दोन्ही हातांत धरला, आणि एक गाठ सोडायला जेवढा वेळ लागतो त्याहून बराच जास्त वेळ तशीच बसून राहिली.