निळी झाक

शिवूने दिवाळीला यायचं रद्द केलं आणि बंगळूरहून कुरिअरने कॅलिब्रेटर पाठवला. माणसाच्या बदली यंत्र. साबणाच्या वडीएवढं ते लॅपटॉपच्या स्क्रीनवर लटकवायचं, मग ते स्क्रीनचे रंग मोजतं आणि चुकत असतील तर सुधारतं, असं त्याने फोनवर समजावलं. "बाबा, आता रंग बघायला आई नाहीये," हेही म्हणाला. जसं काही मला माहीतच नव्हतं!

आमच्या स्टुडिओत कॅमेरा माझा आणि रंग विजयमालाचे. लग्नाचे फोटो मी काढायचे, लॅपटॉपवर चेहरे, शालू, हळद तिने नीट करायची आणि फायली बसलिंगप्पाच्या लॅबला छपाईला जायच्या. ती गेल्यापासून मला एकच धसका होता. वैनी गेल्या आणि बापूसाहेबांचं काम बिघडलं, असं कुणी म्हणता कामा नये. म्हणून राग गिळून मी खोका फोडला.

आधी लॅपटॉप तापू दिला. खिडक्या लावल्या, उजेड स्क्रीनवर पडायला नको म्हणून. यंत्राखाली लाल, हिरवा, करडा असे चौकोन येत-जात राहिले. एरवी अशा वेळी ती चहा करायची. मी काही केला नाही, एकट्यासाठी कोण भांडं विसळणार? शेवटी यंत्राने स्क्रीनच्या रंगांचं नवं प्रोफाइल तयार केलं आणि स्क्रीन एकदम पिवळट झाली. आधी निळी झाक होती, आता खरा पांढरा हाच, असं त्यात लिहून आलं. लॅपटॉप मी स्वतः पारखून घेतला होता, त्यामुळे झाक वगैरे मला पटलं नाही. पण दोन दिवसांत डोळे सरावले. त्याच स्क्रीनवर मी मंद्रूपच्या कोंडीबांच्या मुलीचा अल्बम केला.

अल्बम छापून घरी गेला आणि कोंडीबा तो काखेत मारून दुकानात हजर झाले.

"सायेब, लग्नात आमी बिरोबाम्होरं भंडारा उधळला व्हता का राख?"

मी पान उघडलं. भंडारा करडा दिसत होता. नवरी तापातून उठल्यासारखी. लॅपटॉपवर मात्र तोच फोटो झकास पिवळाधमक.

"वैनी असत्या तर आसं झालं नसतं," कोंडीबा हळूच म्हणाले. टोमणा नव्हता तो. म्हणूनच जास्त लागला.

अल्बम बदलून देतो म्हणून त्यांना वाटेला लावलं आणि बसलिंगप्पाला फोन करून तोंडाला येईल ते बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"लॅपटॉपला काही केलात काय, बापूसाहेब?"

कॅलिब्रेटरचं सांगितलं.

"मग बरोबर आहे की. तुमची स्क्रीन पहिल्यापासून निळी हो. वैनी त्यावर चेहरे बरोबर दिसेपर्यंत करायच्या, म्हणून फायली पिवळ्या यायच्या. त्यांनीच पहिला अल्बम खिडकीशी धरून ओळखलं. मला फोन केल्या, आमच्या फायलींतला पिवळा तेवढा कमी करून छापत जा म्हणून. ते सेटिंग अजून तसंच आहे. आता तुमची स्क्रीन बरोबर झाली आणि आमची वजाबाकी चालूच राहिली."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांनीच नको म्हटलं की. ह्यांनी हौसेनं घेतलाय, त्याला नावं ठेवलेली ह्यांना चालत नाहीत म्हणाल्या." मग त्याने विचारलं, "काढून टाकू का आता ते सेटिंग?"

काढा म्हणणं सोपं होतं आणि योग्यही होतं. माझ्या तोंडून ते निघेना. तिने केलेलं आणि अजून रोज चालू असलेलं जगात तेवढंच उरलं होतं.

"राहू द्या," मी म्हणालो. "मी माझी स्क्रीन पहिल्यासारखी करतो."

"अहो, पण चूक आहे ते."

"इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली?"

"नाही," तो म्हणाला.

नवं प्रोफाइल मी पुसून टाकलं. स्क्रीन निळी झाली. आज ती झाक मला स्वच्छ दिसत होती. कोंडीबांच्या मुलीचा फोटो उघडून मी भंडाऱ्यात थोडाथोडा पिवळा भरत गेलो आणि रडू आलं ते आवरलं नाही. इतकी वर्षं मी शेजारच्या खुर्चीत बसून लॅपटॉपचं कौतुक करायचो, आणि ती ही निळी झाक एकटीच बघायची.