चहासाठी काढलेली पिन

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे आणि शिंपीकाकांचा उजवा डोळा गेला आहे. या वाक्याचा पहिला अर्धा भाग लक्षात ठेवा, दुसरा विसरून जा. आमच्या कार्यालयाच्या म्हणण्यानुसार तसं काही घडलेलंच नाही. मी पडलो कार्यालयाची मालमत्ता. तेव्हा काहीच घडलेलं नाही असं धरून मला माझी कहाणी सांगावी लागणार.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. बाहेर सोडण्याआधी तिथे मला इतकं तपासलं की विचारू नका. दार उघडून-मिटून पाहिलं, वीज कमी-जास्त करून पाहिली, पाय ठोकून पाहिले. एकाच्या हाताला माझा एक कोपरा खरखरीत लागला, तर त्याने मला ओळीतून बाजूला काढून पुन्हा घासलं. मी काही कुणाच्या डोळ्यात जाणार नव्हतो. तरी एवढी काळजी!

तिथून मी आलो तो थेट अन्न आणि औषध तपासणीच्या कार्यालयात. काम मानाचं होतं. संशयित दूध, लोणी, औषधं यांचे सीलबंद नमुने प्रयोगशाळेत जाईपर्यंत थंड ठेवायचे. सुरुवातीला मला रोज पुसत असत. येणाऱ्या-जाणाऱ्याला साहेब माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, "हा नुसता फ्रीज नाही बरं का. आपला मुख्य साक्षीदार आहे."

या साक्षीदाराच्या खोलीत सॉकेट मात्र एकच होता. दुसऱ्याची मागणी 'वर' गेली होती. वर म्हणजे कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे ज्याला चहाची तल्लफ येई, तो माझी पिन काढून किटलीची लावी. चहा झाला की माझी पिन परत लावायची, असा नियम होता. मित्रांनो, चहा झाल्यावर माणसाला पहिली आठवण बिस्किटाची होते, फ्रीजची नाही.

एके दिवशी शिंपीकाका आले. डोळ्यावर पट्टी आणि हातात औषधाची रिकामी बाटली. त्यांच्यासमोर बसल्या होत्या आमच्या निरीक्षक ताई. कार्यालयात खुर्चीपेक्षा रस्त्यावर जास्त वेळ काढणाऱ्या त्या एकट्याच.

"डोळा जरा लाल झाला होता, म्हणून हे थेंब घातले," काका म्हणाले. "आता त्या बाजूला नुसता अंधार आहे. सुईत दोरा सुनबाई ओवून देते. पण कापडावर सरळ रेघ कोण मारणार?"

"काका, तुम्ही एकटेच नाही. आणखीही लोक आलेत," ताई म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

त्या दुकान न् दुकान पालथं घालून त्याच खेपेच्या सीलबंद बाटल्या घेऊन आल्या. विक्री तात्पुरती थांबली. कंपनीने मोठ्या तत्परतेने बाजारातला उरलेला सगळा माल परत नेला आणि जाळून टाकला. जबाबदार कंपनी म्हणून तिचं कौतुकही झालं. आता त्या खेपेच्या बाटल्या जगात फक्त माझ्या पोटात होत्या. प्रयोगशाळेत नंबर लागेपर्यंत त्या थंड राहिल्या तरच पुरावा, नाहीतर नुसतं कोमट पाणी.

ताई मला रोज हात लावून बघत. "गड्या, सांभाळ रे," असं म्हणत. मी जीव तोडून घरघरत होतो.

मग वरून पाहणी पथक आलं. नमुने नीट थंड ठेवले जातात की नाही, हे पाहण्यासाठी. ताई त्या दिवशी बाहेरगावी तपासणीला गेल्या होत्या. पथक मोठं, आणि चहा तर हवाच. साहेबांनी स्वतःच्या हाताने माझी पिन काढली.

पथकप्रमुखांनी चहाचा घोट घेत विचारलं, "हा फ्रीज बंद का?"

"वीजबचत, सर," साहेब म्हणाले.

"वा! बाकीच्यांनी शिकण्यासारखं आहे."

तसा शेरा मारून पथक गेलं. मागोमाग साहेब गेले. पुढे जोडून सुट्ट्या होत्या. पिन जमिनीवर लोळत राहिली आणि माझ्या पोटातला बर्फ वितळून फरशीवर वाहत राहिला. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि फ्रीजच्या बाबतीत हे अजिबात चांगलं लक्षण नाही.

सुट्ट्या संपल्यावर ताईंनी दार उघडलं. उबट वाफ त्यांच्या तोंडावर आली.

"साहेब, पिन कुणी काढली?"

"अहो, पाहुण्यांना काय कोरडंच पाठवायचं होतं? पाठवून द्या नमुने तसेच. बघू काय म्हणतात ते."

प्रयोगशाळेने म्हणायचं तेच म्हटलं. नमुने योग्य तापमानात न ठेवल्याने तपासणीस अयोग्य. दोष सिद्ध होत नाही, म्हणून विक्री पुन्हा सुरू. आणि दोषच नाही म्हटल्यावर काकांचा डोळा जाईल कशाने? कार्यालयाने हात वर केले.

काका पुन्हा आले. "ताई, ते थेंब परत दुकानात दिसले मला. एकाच डोळ्यानं बघितलं, म्हणून म्हटलं चूक असेल. सुनबाईला विचारलं, तिलाही दिसले."

साहेबांनी तेवढ्यात विचारलं, "काका, चहा घेणार?"

मित्रांनो, तुमच्याही घरात औषधं आहेत. ती तपासली असतील असं तुम्ही धरून चालता. मीही एके काळी तसंच धरून चालत होतो. पण ज्यांनी काळजी घ्यायची, त्यांना कुणीतरी रोज जाब विचारायला हवा. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. म्हणून मी फक्त अर्ज करतो.

महोदय, सदर थेंबांची विक्री पुन्हा सुरू करण्यास ज्यांची हरकत नव्हती, त्या सर्व अधिकाऱ्यांनी व पाहणी पथकाच्या सदस्यांनी कार्यालयीन वेळेत, सर्वांसमक्ष, सदर औषधाचे प्रत्येकी दोन थेंब स्वतःच्या उजव्या डोळ्यात घालावेत व आलेला अनुभव लेखी कळवावा, ही नम्र विनंती. डाव्या डोळ्यात घालणाऱ्यांचा विचार केला जाणार नाही.