पहिली बरणी

भट्टीच्या नळीखालची भरलेली बरणी आजोबांनी उचलली, दारापर्यंत नेली आणि बाहेर अक्रोडाच्या मुळाशी सरळ उपडी केली.

सेन्काच्या हातातली हेम्पच्या, म्हणजे बिननशेच्या भांगेच्या, फुलांची टोपली तिथेच कलंडली.

"आजोबा! अहो, काय केलंत हे?"

"पहिली धार विषारी असते, पोरी. माणूस आंधळा होतो."

"ती प्लमच्या दारूची हो! हे फुलांचं तेल आहे. सगळा सुगंध पहिल्या धारेतच येतो!"

आजोबा रिकाम्या बरणीत डोकावत राहिले. जन्मभर याच तांब्याच्या भट्टीवर त्यांनी दारू गाळली होती आणि गावात एकही माणूस आंधळा झाला नव्हता. हल्ली मात्र ते जेवून उठले की पुन्हा जेवायला बसत. सकाळीच बाबांनी सेन्काला बजावलं होतं, "आता एक जरी घोटाळा झाला, तरी त्यांचं भट्टीपाशी बसणं बंद. विस्तव आहे तो."

भट्टीपाशी बसले की आजोबांचे हात थरथरत नसत. हे फक्त सेन्काला ठाऊक होतं.

दुपारी नोवी साद शहरातून साबणवाल्या बाई आल्या. बाबांनी पुढे केलेली तेलाची कुपी त्यांनी नाकाशी धरली, पुन्हा धरली.

"रादिवोय, यात नशा नाही हे कबूल. पण निदान वास तरी हवा ना!"

बाबांना हसू आलं नाही. बाई दाराकडे वळल्या.

"आणि बाहेर हा घमघमाट कसला?"

अक्रोडाखालची माती तेलकट चमकत होती. बाबा आधी मातीकडे, मग सावकाश आजोबांकडे बघायला लागले.

"मी ओतलं," सेन्का म्हणाली. "मला वाटलं, पहिली धार फेकायचीच असते."

"वर्षाचं पीक आहे हे! अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

बाईंनी कुपीचं बूच घट्ट लावून ती फळीवर परत ठेवली. "पुढच्या हंगामात बघू," म्हणाल्या. बाबा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले.

आजोबांनी चुलीत एक लाकूड सरकवलं. हात अगदी स्थिर होते. मग त्यांनी मान वर करून हवा हुंगली.

"काय सुंदर वास येतोय गं! कुणी सांडलं?"

सेन्काने बाहीने डोळे पुसले.

"मी."

"रडतेस कशाला, वेडाबाई?" त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "बाबाला सांग, आजोबांनी ओतलं म्हणून. मला नाही रागावायचा तो."